इन्स्पेक्टरने पास केलेले मिक्सर

घर्रमामाच्या दुकानात बिघडलेला मिक्सर घेऊन गेलं की आधी स्वतःची शोभा करून घ्यावी लागे. "काय झालंय?" असं तो विचारायचाच नाही. "आवाज काढून दाखवा," म्हणायचा. "घरी कसा करत होता, तसा."

मग चांगली शिकलेली-सवरलेली माणसं, बँकेतले कॅशियर, नातवंडं असलेल्या आज्या, आधी इकडेतिकडे बघून घ्यायची आणि मग हळूच घशातून काहीतरी काढायची. मामा डोळे मिटून ऐकायचा.

"घर्र की खर्र?"

"खर्रच असावं."

"असावं नको. खर्र असेल तर खालचा कपलर गेलाय, घर्र असेल तर आतलं काम आहे. नीट आठवा."

गिऱ्हाईक बिचारं पुन्हा करून दाखवायचं. हा कार्यक्रम मला रोज फुकट बघायला मिळे, कारण एकाच शटरखालची अर्धी जागा माझी होती. त्याच्याकडे मिक्सर, माझ्याकडे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर. तो मला "मोबाइल" अशीच हाक मारायचा. मी त्याचा भाचा नव्हतो. तसा त्या गल्लीत त्याचा सख्खा भाचा कोणीच नव्हता, तरी अख्खी गल्ली त्याला मामा म्हणायची. कोणी या नात्याने कधी काही मागितलं नाही आणि दिलंही नाही, म्हणूनच ते टिकलं असावं.

मामा दिसायला अगदी साधा. चष्मा कपाळावर, कानामागे टेस्टर, आणि शर्टाच्या खिशात कायम एक ओला रुमाल, कारण मोटर तापली आहे का हे तो आधी बोटाने बघायचा आणि नंतर बोट रुमालात गुंडाळायचा. बोलायचा कमी, पण एक वाक्य त्याचं ठरलेलं होतं. "मशीन खोटं बोलत नाही. बोलतं ते गिऱ्हाईक." पडला, असं कोणी कबूल करत नाही. आपोआप बंद पडला, म्हणतात. मामा बुडाला पडलेला पोचा नुसता दाखवायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "बहुतेक पोरांनी पाडला असेल."

दुकानाच्या आतल्या बाजूला, पंख्याचं वारं लागेल पण झोत लागणार नाही अशा बेताने, मागे कलणारी एक खुर्ची होती. तिच्यात मामाची मुलगी असायची. जन्मापासून तिच्या स्नायूंत ताकद नव्हती. मान धरता यायची, बोलताही यायचं, शब्द जरा ओले आणि जड. पण गिळता येत नव्हतं. तोंडातून गेलेला घास पोटाची वाट सोडून फुप्फुसाच्या वाटेला लागायचा. लहानपणी यापायी ती एकापाठोपाठ दोनदा मरता मरता वाचली. तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पोटाला, बेंबीच्या जरा वर, एक नळी बसवली आणि तोंडाचा रस्ता जेवणाला बंद केला. मामी शिलाईच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती. तिने पोरीच्या प्रत्येक फ्रॉकला नळीपुरतं काज केलं होतं, आणि ते इतकं सफाईदार होतं की नवीन माणसाला ती फॅशन वाटायची.

नळीतून द्यायचा तो डबा. डबा म्हणजे दवाखान्यातून लिहून दिलेली पांढरी पावडर. कोमट पाण्यात ढवळायची, सिरिंजमध्ये ओतायची, सिरिंज उंच धरायची. बरीच मुलं डब्यावर छान वाढतात, असं दवाखान्यात सांगायचे, आणि ते खरंही असेल. हिला मात्र डबा आत गेला की उमासे यायचे. अंग ताठ, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून काही नाही. दिवसातून जेवढ्या वेळा जेवण, तेवढ्या वेळा हे. मामा म्हणायचा, "आपण जेवून पोट भरतो. ही जेवून दमते."

मग दवाखान्याच्या बाकावर त्याला कुठली तरी एक आई भेटली. ती आपल्या मुलाला घरचंच जेवण मिक्सरमध्ये एकजीव करून, गाळून नळीतून द्यायची. मिक्सरवाल्या माणसाला हे दुसऱ्याकडून कळावं, याची मामाला इतकी लाज वाटली की त्याने डाएटवाल्या मॅडमचा पिच्छाच पुरवला. मॅडम आधी नाहीच म्हणाल्या. जेवण जाड झालं तर, गुठळी राहिली तर, अंगाला कमी पडलं तर, शिळं झालं तर. मामा प्रत्येक 'तर' ऐकून घ्यायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा हजर. शेवटी त्यांनी सगळं शिकवलं. काय घालायचं, किती घालायचं, तेल का वगळायचं नाही, पातळपणा कसा बघायचा, आधी आणि नंतर कोमट पाणी कसं सोडायचं. दर महिन्याला वजन. आणि एक अट.

"नळी अन्नाने एकदा जरी तुंबली, तर परत डबा. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"नाही घालणार," मामा म्हणाला.

त्यानंतर त्या घरात चुलीवर जे शिजायचं तेच पोरीलाही जायचं, नळीला चालेल असं केलेलं. भात, डाळ, गाजर, भोपळा, अंडं, कधी केळं आणि दही. उमासे हळूहळू कमी होत गेले. आणि एक गोष्ट कोणाच्याच ध्यानीमनी नव्हती. नळीने जेवणाऱ्याला चव कसली, असं आम्ही धरून चाललो होतो. पण माणूस नळीने जेवला तरी ढेकर तोंडातूनच देतो.

दुपारी जेवण झालं की मामा हातातलं काम ठेवून वाट बघायचा. पोरीला ढेकर आला की विचारायचा, "काय जेवलीस?"

ती डोळे मिटायची, अगदी बापासारखी.

"भोपळा."

"अजून?"

"अंडं."

"अजून?"

जरा थांबून ती म्हणायची, "तेल जास्त."

"तुझ्या आईने केलंय. तिला सांग."

"तू सांग. मी लहान आहे."

मिक्सर तपासायचं तिचं काम यातूनच निघालं. दुरुस्त केलेलं मशीन नुसतं फिरवून भागत नाही, त्याच्यावर भार टाकून बघावा लागतो. बाकीचे दुकानदार पाणी घालून बघतात. मामाला ते पटायचं नाही. "पाण्यावर काय, मेलेलं मशीनही लाजेकाजेस्तव फिरतं." तो भिजवलेले वाटाणे फिरवायचा आणि फेकून द्यायचा. एके दिवशी पोरीचं दुपारचं जेवण घरी मिक्सरला लावायचं राहिलं, म्हणून त्याने ते नुकत्याच दुरुस्त झालेल्या मशीनमध्ये फिरवलं. गाळणीत काही राहिलं नाही, नळीतून सरसर गेलं. पोरगी म्हणाली, "पास."

"बस," मामा म्हणाला. "घरात प्रत्येकाला काम आहे. हिनेच काय म्हणून बसून खावं?"

"बसून कुठे, टेकून खाते," मामी म्हणाली.

तेव्हापासून ती इन्स्पेक्टर. सकाळ-संध्याकाळचं जेवण घरच्या मिक्सरवर, दुपारचं दुकानात, त्या दिवशी तयार झालेल्या मशीनवर. तिने पास केल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जायचं नाही. एकदा कॅशियरचा मिक्सर तिने तीनदा नापास केला. गाळणीवर गाजराचे कण राहत होते. कॅशियर म्हणाले, "माझी मॅट्रिकसुद्धा इतकी अवघड नव्हती."

मामाचे नियम कडक होते. भांडं उकळत्या पाण्यातून काढायचं, ब्रशने घासायचं, रबर काढून धुवायचं. आणि मशीन हातात घेतानाच गिऱ्हाइकाला विचारायचं, "यात शेवटचं काय फिरवलं?" या प्रश्नावर लोक नको तितके खरे बोलायचे. टेलरने खुणा करायचा खडू फिरवला होता. एकीने मांजरासाठी मासे फिरवले होते. एका बापाने मुलाच्या शाळेतल्या पृथ्वीगोलासाठी कागदाचा लगदा केला होता आणि वर विचारत होता की पृथ्वी वाळत का नाही. असल्या भांड्यांना इन्स्पेक्टरचं जेवण नाही, त्यांना वाटाणे. आणि जरा जरी शंका आली, तर पातं सोडवून त्याच्याखालची खोबण धुतल्याशिवाय मामा पुढे जायचा नाही.

गल्लीला याचं कौतुक होतं. "आमचं मशीन इन्स्पेक्टरने पास केलंय," असं लोक पाहुण्यांना सांगायचे. न्यायला आले की खुर्चीकडे बघून विचारायचे, "काय गं, आमच्याकडे काय जेवलीस?" जणू पंगतीला बोलावली होती. हे सगळं उघड्या शटरखाली चालायचं, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

हेडबाई त्या गल्लीतल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, मामासकट. मी दुसऱ्या गावच्या शाळेतला, त्यामुळे त्यांना घाबरायला मला उशिरा सुरुवात करावी लागली. पण मीही पकडली गती. मामाला त्यांनी एकदा खोटं बोलला म्हणून दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो हे अजून अभिमानाने सांगायचा. "त्या दिवसापासून खोटं बोललो नाही. बाईंचे उपकार." काही लोकांना शिक्षा झाली की ती पदकासारखी छातीवर लावून हिंडायची सवय असते.

तर हेडबाई आपला जुना, दगडासारखा जड मिक्सर रिक्षातून घेऊन आल्या.

"आवाज काढून दाखवा, बाई," मामा जरा चाचरतच म्हणाला.

"मी आवाज काढणार नाही. तू काढ. बरोबर की चूक ते मी सांगते."

मामाने घर्र केलं.

"चूक."

मामाने खर्र केलं.

"चूक."

मामाने मधलंच काहीतरी, दम लागल्यासारखं केलं.

"बरोबर. पण शेवट ओढू नकोस."

मी चार्जरच्या खोक्यात तोंड घालून हसत होतो. मामाने भांडं उजेडात धरलं आणि त्याच्या कपाळावरचा चष्मा खाली आला. पात्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या.

"पात्यांना दाते पडलेत, बाई. यात शेवटचं काय फिरवलं?"

"साखर."

मामा पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. "साखरेने असं होत नाही."

"मग मी खोटं बोलते का?"

हा माणूस मशीनचं ऐकायचा, गिऱ्हाइकाचं नाही. सगळी हयात त्याने याच एका गोष्टीवर काढली होती. हातातलं पातं त्याला स्पष्ट सांगत होतं. आणि त्याने पात्याकडे पाठ फिरवली.

"साखरेचे मोठे खडे असतील," तो म्हणाला.

"असतील," बाई म्हणाल्या. "आणि नवं पातं घालू नकोस. उगीच खर्च. हेच घासून चालतं कर."

बिघाड मोटरमध्ये निघाला. मामाने तो काढला, पात्याला धार लावली, भांडं उकळलं, घासलं, रबर धुतलं. पातं सोडवून खालची खोबण मात्र बघितली नाही. तिथे हात घालायचा तो शंका आली तर, आणि बाईंवर शंका घ्यायची शिकवण त्याला नव्हती.

त्या दुपारी मामीने घरून गाजर, मसूर, भात आणि अंडं दिलं होतं. फिरवल्यावर सगळं छान केशरी झालं. मशीन असं चाललं की मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "जुनी मोटर म्हणजे काय ते ऐक." गाळणीत काही राहिलं नाही. त्याने नळीत आधी कोमट पाणी सोडलं, मग सिरिंज लावली, जेवण ओतलं आणि हात उंच केला. अर्धं गेलं. मग ते हळू झालं. मग सिरिंजमधली केशरी रेघ एकाच जागी उभी राहिली.

"बाबा, थांबलं," इन्स्पेक्टर म्हणाली.

त्याने हात अजून उंच केला. नळी बोटांत धरून हलके चोळली. शिकवल्याप्रमाणे कोमट पाणी भरून दट्ट्या जरासा मागे-पुढे केला. मामा मला दिसत होता. त्या माणसाचे हात कधी घाई करत नसत, त्या दिवशी केली. दट्ट्या जोरात दाबला गेला, आणि नळी पोटाजवळच्या जोडावर फाटली. जेवण फ्रॉकवर आलं, मामीच्या त्या सुबक काजातून बाहेर.

पोरगी आधी रडली नाही. फ्रॉककडे बघून म्हणाली, "हे मशीन नापास."

दवाखान्यात जाताना मी रिक्षात तिचे पाय धरून बसलो होतो. मामा नळीचं उरलेलं टोक दोन बोटांत दाबून, कारण ते निसटलं तर पोटाचं भोक बघता बघता आकसतं, हे त्याला शिकवलेलं. डॉक्टरांनी नळी बदलली. जुनी काढून नवी घालेपर्यंतच भोक जरा आवळलं होतं, त्यामुळे नवी नळी सहज गेली नाही. ती कशी गेली ते मी लिहीत नाही. तिच्या आवाजात ताकद नव्हती, म्हणून ओरडणंसुद्धा तिला नीट करता येत नव्हतं, एवढंच सांगतो.

जुनी नळी ट्रेमध्ये होती. डाएटवाल्या मॅडम आल्या, त्यांनी ती चिरून आतलं काढलं आणि हातमोज्याच्या बोटांत चोळलं.

"हे काय आहे?"

"गाजर," मामा म्हणाला.

"गाजर असं कचकचत नाही."

मामाने त्यातलं कणभर घेऊन सरळ आपल्या दातांखाली धरलं. मॅडम त्याला अडवायला गेल्या, पण तोवर त्याचं ऐकून झालं होतं. तो दातांनी ऐकत होता.

"वीट आहे," तो म्हणाला.

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त थकल्यासारख्या वाटल्या. "आपलं काय ठरलं होतं?"

"नळी तुंबली की डबा."

"आणि?"

"वाद घालायचा नाही."

मामी कारखान्यातून तशीच आली, साडीला रंगीबेरंगी दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. पोरीजवळ बसली, कपाळावरचे केस मागे सारले. मग नवऱ्याला विचारलं, "कोणाच्या भांड्यात केलंत?"

"बाईंच्या."

"घरात मिक्सर आहे. स्वतः मिक्सरवाले आहात. आणि पोरीला लोकांच्या भांड्यातलं."

"तिला काम हवं होतं गं."

"काम तिला हवं होतं की तुम्हाला मिरवायला हवं होतं, ते तुम्हीच ठरवा," मामी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आता तिच्या पोटात तुमची कारागिरी नको."

दुसऱ्या दिवशी मामाने दुकान उघडताच बाईंच्या भांड्याचं पातं सोडवलं. खालच्या खोबणीत गाळणीतूनही निसटेल इतकी बारीक लाल भुकटी ठासून बसली होती. मोटर दुबळी होती तोवर ती तिथे स्वस्थ होती. मोटर सुधारली आणि ती निघाली. म्हणजे मशीन जितकं उत्तम दुरुस्त झालं तितकी वीट पोरीच्या वाट्याला आली. मामाने ती भुकटी कागदावर काढून काउंटरवर ठेवली आणि हेडबाई यायची वाट बघत बसला. त्या दिवशी त्याने कोणालाही आवाज काढायला लावला नाही.

बाई आल्या. मामा उठून उभा राहिला. सवयच तशी.

"बाई, यात वीट आहे."

"माझ्या घरात विटेचं काय काम?"

आता मी मध्ये बोललो. बाईंचा मोबाइल लावून द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो, आणि गॅलरीतल्या कुंड्यांत त्यांनी विटेची पूड किती प्रेमाने घातली होती ते त्यांनी स्वतःच मला दाखवलं होतं. मुळांना मोकळीक मिळते, म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, कुंड्यांत आहे ती."

"तू मध्ये बोलू नकोस. तू कुठल्या शाळेचा?"

माझ्या शाळेचं नाव घेऊन काही फायदा झाल्याचं आठवत नाही.

"तुम्ही साखर म्हणालात," मामा म्हणाला. "वीट म्हणाला असतात तर मी नुसते वाटाणे घातले असते. काही बिघडलं नसतं, बाई. माझं ठीक आहे, पण पोरीचं जेवण बंद झालं."

एवढंच तो म्हणाला. बाईंना निदान "अरेरे" म्हणायला भरपूर जागा होती. तोवर दोन-चार गिऱ्हाइकं जमली होती, त्यांतले निम्मे बाईंचे माजी विद्यार्थी. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की आज वर्गाबाहेर आपण उभं राहायचं नाही.

"माझ्या भांड्यात तू आजारी पोरीचं नळीचं जेवण करतोस," त्या सावकाश, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलल्या, "हे मला कोणी विचारलं होतं?"

गिऱ्हाइकं मामाकडे बघू लागली.

"ज्या भांड्यात मी माझं अन्न करते त्यात. मला विचारलंस?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाई."

"मला माहीत नव्हतं. इथे कोणाला माहीत होतं?"

आणि मी पाहिलं. कॅशियर, ज्यांचा मिक्सर तीनदा नापास झाला होता, बुटाकडे बघत होते. मांजरवाली बाई पिशवीत काहीतरी शोधत होती. मग कॅशियर हळूच म्हणाले, "मामा, म्हणजे आमच्यातसुद्धा खरंच?"

"तुम्हीच विचारायचात, काय जेवली म्हणून."

"ते आम्ही चेष्टेत घ्यायचो हो."

बाई मिक्सर तिथेच टाकून गेल्या. "मला नको तो आता," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. आठवडाभर गल्लीच्या तोंडाला चघळायला झालं. विटेचं कोणी बोललं नाही. वीट फार लहान गोष्ट होती, दाताखाली आली तर कळणारी. बोलणं सगळं भांड्यांचं. आजार लागत नाही म्हणा, पण मनाला बरं वाटत नाही. पोरगी गोड आहे, पण शेवटी नळीचं ते नळीचं. टेलरने तर मला खासगीत विचारलं की खडू फिरवल्यामुळे आपलं भांडं वाचलं ना.

कोणी मामाचं दुकान सोडलं मात्र नाही. सोडतील कुठे, त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. लोक येत राहिले, आवाज काढत राहिले, आणि जाताना मान जरा वाकडी करून, प्रेमाने सांगू लागले, "मामा, बघताना पाण्यावरच बघा हं." वाटाणेही नकोत. मामा मान हलवायचा. शेवटचं काय फिरवलं, हे विचारणं त्याने बंद केलं. आता त्याची गरज नव्हती.

पोरगी डब्यावर परत गेली. उमासेही परत आले, जुने भाडेकरू परत यावेत तसे, कुठे काय आहे ते माहीत असलेले. मामा एकदा मॅडमकडे गेला. घरचाच मिक्सर, घरचंच भांडं, दुसरं काही नाही, असं सांगायला. दारापर्यंत जाऊन परत आला. मी विचारलं, काय म्हणाल्या. म्हणाला, "वाद घालायचा नाही ठरलंय." मॅडमनी कदाचित ऐकलंही असतं. पण मामी ऐकणार नव्हती, आणि मला वाटतं, त्याला स्वतःलाच स्वतःचं ऐकायची हिंमत राहिली नव्हती. एकदा मशीन खरं सांगत असताना त्याने ऐकलं नव्हतं. आता कोणत्या तोंडाने म्हणणार की मला ऐकू येतं?

बाईंनी नवा मिक्सर घेतला. तो त्यांना पसंत पडला नाही. मग एक दिवस, दुपारचं ऊन उतरताना, त्या दुकानात आल्या. जणू जुना मिक्सर परवाच दुरुस्तीला टाकून गेल्या होत्या.

"झालाय का माझा?"

झालेला होता. मामाने नवं पातं घातलं होतं, स्वतःहून. मशीन पुसून फळीवर ठेवलेलं होतं.

"पाण्यावर बघितलास ना?"

"हो, बाई."

"आवाज?"

मामाने भांड्यात पाणी घालून मशीन लावलं. दुकानभर तो जुन्या मोटरचा भरदार, गोल आवाज भरला.

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्या खुर्चीकडे वळल्या, शाळेतल्या लहान मुलांकडे वळावं तशा. "काय गं इन्स्पेक्टर? पास ना?"

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. नुकताच डबा देऊन झाला होता, तिचे डोळे अजून ओले होते.

"यात शेवटचं काय फिरवलं?" तिने विचारलं.

मामाचा हात बटणावर थांबला.

"साखर," बाई म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही.

"नापास," पोरगी म्हणाली.

बाई हसल्या. तिच्या गालावर हलकी चापट मारली, "बापावर गेलीय," म्हणाल्या आणि रिक्षा थांबवायला बाहेर गेल्या. पूर्वी इन्स्पेक्टरने नापास केलेलं मशीन दुकानाबाहेर जात नसे. मामाने ते जड धूड दोन्ही हातांनी उचललं, रिक्षात नेऊन ठेवलं, पडू नये म्हणून बाजूला पुठ्ठा लावला आणि वायर नीट गुंडाळून दिली. बाई म्हणाल्या, "पूर्वीपेक्षा नीटनेटका झालास." तो "हो" म्हणाला.

तो आत आला तेव्हा पोरीला ढेकर आला. तिने डोळे मिटले आणि थांबली. तो विचारेल म्हणून थांबली, हे मलाही कळलं. मामा पुढचं मशीन फळीवरून खाली घेत होता.

"डबा," ती आपणच म्हणाली.

मामाने भांड्यात पाणी ओतलं आणि बटण दाबलं.